गाडीचा जीर्णोद्धार

आमच्याकडे जुन्या वस्तूंचे दोनच वर्ग मानले जातात: एक अडगळ आणि दुसरा वारसा. एखादी वस्तु यांपैकीं कोणत्या वर्गांत जावयाची हें तिच्या गुणांवर ठरत नाहीं; घरांत तिला जागा आहे कीं नाहीं यावर ठरतें. आजीचें तांब्याचें घंगाळ दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत मावतें, म्हणून तो वारसा. तिचा शिसवी पलंग दारांतून आंत येत नाहीं, म्हणून ती अडगळ. मोटार या न्यायानें जन्मतःच अडगळींत जमा व्हावयाची. ती बंद पडली कीं पहिलें वर्षभर घरचे लोक तिला 'गाडी' म्हणतात, दुसऱ्या वर्षीं तिच्या टपावर वाळवणें पडतात, आणि पांचव्या वर्षीं भंगारवाला फाटकांतून आंत डोकावूं लागतो.

माझ्या काकांची १९६६ सालची फियाट डिलाइट वाईच्या घरामागच्या शेडमध्यें अशी अठरा वर्षें उभी होती. काका डॉक्टर होते. गाडीसाठीं त्यांनीं नांव नोंदविलें आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें कांहीं वर्षें वाट पाहिली. सकाळीं दुकानांत जाऊन संध्याकाळीं गाडी दारांत उभी करणाऱ्या आजच्या पिढीला ही दंतकथा वाटेल. पण परवान्यांच्या त्या राज्यांत मोटारींचे कारखाने मोजके होते आणि रांग लांब होती. या गाडींतून काकांनीं कृष्णाकांठचीं खेडीं पालथीं घातलीं. २००४ सालीं ते गेले. पुढच्या पावसाळ्याआधीं गाडी शेडमध्यें लावली गेली, ती तेथेंच राहिली. २०२३ सालीं शेड पाडावयाची ठरली, तेव्हां भंगारवाल्यानें तिचे १८,००० रुपये देऊं केले. चुलतभावानें मला फोन करून विचारलें, "दादा, देऊन टाकूं ना?" मी म्हणालों, "थांब." या एका शब्दाची किंमत आजवर २,७४,००० रुपये झाली असून ती अद्यापि पुरती चुकती झालेली नाहीं.

जुनी मोटार पुनः उभी करण्याचा ज्याचा पहिलाच प्रसंग, त्यानें एके काळीं रस्तोरस्तीं दिसणारीच गाडी हातीं घ्यावी, असें जाणते लोक सांगतात. आमची निवड नशिबानें आधींच होऊन गेली होती, पण ती या कसोटीला उतरली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकन मोटारी जुळविल्या जात. पुढें इटलीच्या फियाटशीं संबंध जडला. फियाटचें १९५३ सालीं निघालेलें 'अकराशें' हें मॉडेल येथें आलें आणि मुंबईकरांनीं त्याचें 'डुक्कर फियाट' असें बारसें केलें. १९६४ च्या सुमारास 'डिलाइट' आली. तिचीच पुढें 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. नांवें बदललीं, पुढची जाळी बदलली, दिवे बदलले. परंतु बॉनेटखालचें १,०८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन मुळांत तेंच राहिलें. याला कोणी मागासलेपण म्हणतील, आणि तें होतेंही. पण त्याचाच लाभ मला आज मिळतो आहे. नाना पेठेंतल्या दुकानांत 'पद्मिनीच्या रिंगा' मागितल्या कीं दुकानदार मान वर न करतां फळीकडे हात करतो. मुंबईंतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींपैकीं शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून गेली. त्याच महिन्यांत आमची डिलाइट ट्रकवर चढून पुण्याच्या वाटेला लागली.

गाडी गॅरेजांत उतरली आणि आमच्या उस्तादांनीं तिला एक प्रदक्षिणा घातली. उस्तादांचें वय एकाहत्तर. चौदाव्या वर्षीं लष्करांतल्या एका गॅरेजांत त्यांनीं हातांत पाना धरला, तो अजून खालीं ठेवलेला नाहीं. त्यांची विद्या बोटांत आहे आणि ती घेणारें घरांत कोणी नाहीं. मुलगा संगणकावर काम करतो. मी बॉनेट उघडावयास गेलों, तों त्यांनीं मला हातानेंच थांबविलें. खिशांतून स्क्रू-ड्रायव्हर काढून ते गुडघ्यांवर बसले आणि दाराखालच्या पट्ट्यावर टकटक करीत पुढून मागें सरकले. कोठें ठण्ण वाजलें, कोठें भद्द. एके ठिकाणीं तर स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आंत गेला. "इंजिनाचं काय, साहेब, ते पोटासारखं असतं. औषध देतां येतं. आधीं हाडं बघूं द्या."

या हाडांची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. कारण या वाटेला नव्यानें लागणारा गृहस्थ बहुधा इंजिनाच्या प्रेमांत पडतो. जुन्या धाटणीच्या मोटारींना लोखंडी तुळयांचा निराळा सांगाडा असे आणि वरची पेटी त्यावर बोल्टांनीं बसविलेली असे; पेटी सडली तरी सांगाडा उभा. या फियाटला तसा सांगाडा नाहीं. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा, आणि तिचा तळ व दारांखालचे दोन पोकळ पट्टे हे सारा भार तोलतात. शेडच्या ओलसर जमिनीनें अठरा वर्षें नेमक्या याच जागांचा समाचार घेतला होता. असा सडलेला भाग एकदम कापून काढला तर उरलेली पेटी आपल्याच वजनानें वांकते, आणि मग दारें जन्मांत नीट लागत नाहींत. म्हणून उस्तादांनीं प्रथम गाडी टेकूंवर समपातळींत घेतली, दारांच्या चौकटींत आडव्या नळ्या वेल्ड करून तिला आंतून धीर दिला, आणि मग एका बाजूचा पट्टा कापला. तो नवा बसेपर्यंत दुसऱ्या बाजूस त्यांनीं हात लावला नाहीं. या एका कामाला सात आठवडे लागले. बाहेरून पाहणाराला त्या सात आठवड्यांत कांहींच घडलेलें दिसलें नसतें, आमच्या सोसायटींतले एक गृहस्थ जिन्यांत भेटले कीं विचारीत, "काय, झाली का सुरू?" एखाद्याच्या घरीं आजारी माणूस असावें आणि शेजाऱ्यानें रोज 'चालूं लागले का?' म्हणून विचारावें, तसें मला होई.

इंजिनानें मात्र फारसे आढेवेढे घेतले नाहींत. प्लगच्या भोंकांतून चारी सिलिंडरांत तेल ओतून आठ दिवस तसेंच राहूं दिलें, आणि नवव्या दिवशीं उस्तादांनीं पुढच्या पुलीला पाना लावून शाफ्ट हातानें फिरवून पाहिला. तो अडला, मग सैल झाला, मग फिरला. टाकींतलें पेट्रोल आटून त्याचा काळा डिंक झाला होता. ती खरवडून घ्यावी लागली. रबर तेवढें सगळें नवें घातलें, आणि तेंही आजच्या जातीचें. कारण आतां पंपावरच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबराला तें सोसत नाहीं, नळ्या फुगतात आणि पंपाचा पडदा मऊ पडतो. सारें कांहीं मूळचेंच हवें असा ज्यांचा आग्रह असतो त्यांनीं येथें क्षणभर थांबावें. मूळची गाडी मूळच्या पेट्रोलवर चालत असे, आणि तें पेट्रोल आतां मिळत नाहीं.

खरा पेंच पडला तो रंगाशीं. आमची गाडी हिरवी. माझ्या आठवणींत ती हिरवीच आहे. पण उस्तादांच्या पोऱ्यानें पॉलिश पेपरनें दार घासलें, तेव्हां हिरव्याखालीं लांबी, लांबीखालीं लालसर अस्तर, आणि त्याखालीं कारखान्याचा फिकट राखाडी रंग निघाला. जुन्या मोटारींचे एक जाणकार स्नेही तें पाहून हर्षभरित झाले. "झालं तर मग! राखाडीच करा. हिरवा हा हिच्यावरचा शेंदूर आहे; तो उतरवला कीं खरी मूर्ति दिसेल." उपमा चपखल होती. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांवर भाविकांनीं वर्षानुवर्षें तैलरंगाचीं पुटें चढविलीं, आणि आतां तीं खरवडून मूळचा दगड मोकळा करण्याचीं कामें ठिकठिकाणीं चालतात. तो दगड उघडा पडलेला पाहून कोणालाही बरेंच वाटेल. शिवाय स्नेह्यांचा मुद्दा पोरकट नव्हता. जो तो मालक आपापली हौस गाडीवर ठेवूं लागला, तर कुर्ल्याच्या दारांतून डिलाइट कशी बाहेर पडत होती हें आणखी पन्नास वर्षांनीं कोणास कळावयाचें?

त्यांनीं मला कायदाही दाखविला. २०२१ साली केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं नवे नियम केले. पन्नास वर्षांवरील जें वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असेल, ज्याच्या सांगाड्यांत, पेटींत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसेल, त्याला 'व्हिंटेज' म्हणून निराळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मानाची गोष्ट खरी. पण त्याच नियमांत असेंही आहे कीं अशी गाडी प्रदर्शनासाठीं, मेळाव्यासाठीं, संशोधनासाठीं किंवा पेट्रोल भरण्यास व दुरुस्तीस नेण्यापुरतीच रस्त्यावर आणतां येते. रोजच्या कामाला नाहीं. मी विचार केला, जी गाडी तीस-पस्तीस वर्षें अपरात्रीं बाळंतिणीकडे धांवली, तिनें आतां गळ्यांत बिल्ला बांधून मैदानांत उभें राहावयाचें! तळाचा पत्रा बदलला हा 'फेरफार' कीं 'दुरुस्ती', हा वाद मी वकिलांसाठीं सोडून दिला आणि जुना क्रमांकच पुढें चालविण्याचें ठरविलें. पर्यावरण-कर भरावा लागतो, दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घ्यावी लागते. पण ती भाजी आणावयास नेली तर कोणी हटकत नाहीं.

रंगाचा प्रश्न मात्र कायद्यानें सुटण्यासारखा नव्हता. तशांत डाव्या बाजूचें मागचें मडगार्ड उघडें झालें आणि उस्ताद कितीतरी वेळ त्याच्यापुढें बसून राहिले. लांबीखालीं कथलाचे डाग होते आणि पत्र्यावर शेजारीं शेजारीं, एकसारख्या अंतरानें, बारीक गोल ठोके होते. त्यांनीं त्यांवरून अंगठा फिरविला. "हा मोटारवाल्याचा हात नाहीं, साहेब. भांडीवाल्याचा आहे."

मी वाईस जाऊन काकूंना विचारलें. काकू शहाऐंशीच्या आहेत. दृष्टि अधू झाली आहे, पण स्मरण लख्ख. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. अठ्ठ्याहत्तर सालचा पावसाळा. मेणवलीकडून येतांना रात्रीं गाडी मोरीवर आपटली. पुण्याला न्यायला सवड कुठं होती? बाजारांतल्या तांबटाला बोलावलं. त्यानं चार दिवस अंगणांत बसून ठोकलं. घंगाळ ठोकतात तसं. आणि पेंटरकडे वाड्याच्या दारांसाठीं आणलेला हिरवा तेवढा होता. एवढाच तुकडा हिरवा कसा दिसणार, म्हणून यांनीं सगळीच गाडी हिरवी करून टाकली."

"मग तुम्हांला काय वाटतं, काकू? हिरवीच ठेवूं?"

"मला तो हिरवा कधींच आवडला नाहीं," काकू ताडकन् म्हणाल्या. "खिडक्यांचा रंग तो! सगळ्या वाईंत हंसं झालं होतं."

मला सुटल्यासारखें वाटलें. स्नेह्यांचें म्हणणें राहिलें, नियमांचा मान राहिला, आणि काकूंचीही पसंती मिळाली. मी म्हणालों, "तर मग मूळचा राखाडी देतों."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "राखाडी? ती कुणाची रे गाडी? ती दारांत आली तर मला कळायची सुद्धां नाहीं."

तेव्हां हिरवी. तो रंग आतां डब्यांत तयार मिळत नाहीं. टपाच्या आंतल्या कडेचा, ऊन न लागलेला एक ढलपा दुकानांत नेऊन त्यावरून तो जुळवून घेतला. उस्तादांनीं ते तांबटाचे ठोके मोडावयास साफ नकार दिला. त्यांनीं त्यावर लांबी सुद्धां भरली नाहीं; नुसतें अस्तर देऊन वर रंग चढविला. तिरप्या उन्हांत पाहिलें तर ते ठोके हाताच्या पंजाएवढ्या जागेंत चमकतात. जाणकार स्नेह्यांनीं ते पाहिले, चष्मा पुसून पुनः पाहिले, आणि ते आमच्या घरीं चहा घेऊन गेले. मत मात्र त्यांनीं बदललेलें नाहीं, आणि त्यांनीं तें बदलावें असें मलाही वाटत नाहीं.

गेल्या रविवारीं इंजिन अकरा मिनिटें सलग चाललें. अजून ब्रेकचे मागचे दोन सिलिंडर यावयाचे आहेत, वेगाचा कांटा चाळिसावर जाऊन अडकतो, आणि डिलाइटच्या बॉनेटवरची निकलची पट्टी जुन्या बाजारांत चार बुधवार शोधूनही मिळालेली नाहीं. ती नसली तरी गाडी चालते, असें उस्ताद म्हणतात. तपासणी झाली कीं पहिली फेरी वाईची. वाटेंत खंबाटकीचा घाट आहे, आणि त्या काळच्या सगळ्याच गाड्या त्या चढावर तापून धापा टाकीत. काकूंना फोनवर तारीख कळविली, तर त्यांनीं तारखेबद्दल कांहींच विचारलें नाहीं. पाण्याचे दोन डबे भरून घ्या, आणि घाटांत थांबलांत तर झांकण उघडण्याआधीं वर ओलें फडकें टाका, एवढें दोनदां बजावलें.