दोन जपानी भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी



हा मजकूर आम्हां दोघी बहिणींचा आहे. लेखणी धाकटीच्या हाती आहे, कारण थोरलीचा उजवा हात अजून नीट वळत नाही. तो का वळत नाही ते पुढे येईलच. पण एकेक वाक्य थोरलीला वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकलेले नाही, म्हणून सगळीकडे "आम्ही" असेच लिहिले आहे.

आमची नातवंडे आम्हांला हसतात. आपल्या समाजातील आमच्या वयाची माणसे खेळाडूंच्या गोष्टी निघाल्या की गावस्करांचे नाव घेतात. आम्ही मात्र एइतो यासुतोको आणि ताकेशी यासुतोको या दोन जपानी भावांचे नाव घेतो. ऐकणारा विचारतो, हे कोण? आम्ही सांगतो, चाकांचे बूट घालून हवेत उडणारी मुले. मग ऐकणारा आमच्याकडे दयेने पाहतो आणि चहा मागतो.

तेव्हा आधी त्या बुटांविषयी सांगणे बरे. मुंबईत आमच्या लहानपणी श्रीमंतांच्या मुलांकडे जे स्केट्स दिसत, त्यांना पुढे दोन आणि मागे दोन अशी गाडीसारखी चाके असत. हे बूट निराळे. यांची चाके एकामागोमाग एका रांगेत बसवलेली असतात. असे बूट पूर्वीही कोणी कोणी केले होते, पण ते घरोघर पोहोचले ते अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या दोन भावांमुळे. दोघे बर्फावरची हॉकी खेळणारे. बर्फ नसतानाही सराव चालू राहावा म्हणून 1980 च्या सुमारास त्यांनी जुन्या नमुन्यावरून सुधारलेले बूट तयार केले. म्हणजे या खेळाच्या मुळाशीच दोन भाऊ आहेत, हे आम्हांला फार उशिरा कळले आणि फार आवडले.

इस्रायलमध्ये हे बूट 1990 नंतर गल्लीगल्लीत आले. आमची त्यांच्याशी ओळख झाली ती मात्र दवाखान्यात. आपल्याकडे दारफाळणीच्या सणाला पांढरे कपडे घालून, दारे लावून दिवस काढायचा, हे आम्ही आईकडून शिकलो. इथे त्या दिवशी मोठी माणसे सिनेगॉगमध्ये आणि मुले रस्त्यावर! एकही मोटार धावत नाही, म्हणून सगळा हमरस्ता सायकलींचा आणि चाकांच्या बुटांचा. आम्ही दोघी एकाच इस्पितळात परिचारिका होतो. त्या दिवशी अपघात विभागात आमची पाळी असली की उपास विसरायला वेळ लागत नसे. एकामागून एक मुले यायची आणि बहुतेकांचे मनगट गेलेले असायचे. पडणारा माणूस आपोआप हात पुढे टाकतो, सगळे वजन तळहातावर येते आणि मनगटाजवळचे हाड मोडते. त्यामुळे त्या बुटांचा आम्हांला मनापासून राग होता.

अशात थोरलीच्या मुलाने तेच बूट मागितले. तो 1986 चा. घरात दोन आठवडे भांडण झाले. शेवटी मनगटाचे, कोपराचे आणि गुडघ्याचे संरक्षक बांधल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, या अटीवर बूट आले. मग केबलच्या खेळांच्या वाहिनीवर तो अमेरिकेतील एक्स गेम्सची चित्रणे पाहू लागला आणि "आई, मावशी, हे बघा" म्हणून आम्हांलाही बसवू लागला.

आम्ही पाहिले ते असे. अर्धा कापलेला प्रचंड नळ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंच्या भिंती तीन-चार मीटर उंच, आणि वरच्या टोकाशी अगदी सरळ उभ्या. खेळाडू एका काठावरून खाली उडी घेतो, तळातून सुसाट जातो आणि समोरच्या भिंतीवरून वर हवेत निघून जातो. मोटार नाही, दोरी नाही. वेग येतो तो गुडघ्यांतून. वळणावर वाकायचे आणि नेमक्या क्षणी ताठ व्हायचे, झोपाळ्यावर उभे राहून आपण झोका चढवतो तसेच. हवेत गेल्यावर कोणी कोलांटी घेतो, कोणी दीड फेरी फिरतो, कोणी अडीच, आणि पुन्हा त्याच सरळ भिंतीवर चाके टेकवून खाली येतो. एक मिनिटही होत नाही तोवर त्याची पाळी संपते आणि पंच गुण देतात. ब्राझीलची फाबिओला दा सिल्वा ही मुलगी तर त्याच भिंतींवर पुरुषांच्या बरोबरीने उतरत असे. तिला पाहून आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पण आमचा जीव जडला तो त्या दोन भावांवर. आईबाप दोघेही स्केटिंग करणारे, त्यामुळे मुले जणू चाकांवरच वाढली. एइतो 1983 चा, ताकेशी 1986 चा. 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोला एइतोने सुवर्णपदक घेतले. 2000 साली तिथेच त्याने ते पुन्हा घेतले. 2001 साली स्पर्धा फिलाडेल्फियाला गेली आणि पदक फ्रान्सच्या ताइग ख्रिसने नेले. 2002 साली त्याच शहरात जिंकला तो ताकेशी, धाकटा. 2003 साली लॉस एंजेलिसला पुन्हा एइतो आणि 2004 साली पुन्हा ताकेशी. सहा वर्षांत पाच सुवर्णपदके एका घरात! आमच्या घरात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. "मोठा जपानी" आणि "धाकटा जपानी" एवढेच.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सांगावी की नाही यावर आमचा दोन दिवस वाद झाला. थोरली म्हणाली, लिही.

आम्हां दोघींत तीन वर्षांचे अंतर आहे, त्या भावांत आहे तेवढेच. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत दोघी शिकलो. थोरलीने मुंबईतच परिचारिकेचे शिक्षण पुरे केले होते. 1977 साली आम्ही आलिया केली तेव्हा तिला हिब्रू शिकून पुन्हा परीक्षा द्यावी लागली. धाकटी तेव्हा अठरा वर्षांची. तिचे सगळे शिक्षण इथेच, हिब्रूतून झाले. ते होईपर्यंत घर चालले ते थोरलीच्या रात्रपाळ्यांवर. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ दोघी एकाच इस्पितळात. 2001 साली विभागाच्या मुख्य परिचारिकेची जागा निघाली. ती थोरलीची, असे सगळेच धरून चालले होते. नेमणूक धाकटीची झाली. हिब्रूतले अहवाल तिचे चांगले, असे कारण सांगण्यात आले.

तेवढ्याने काही बिघडले नसते. बिघडले ते याने, की धाकटीने अर्ज केला होता आणि तो थोरलीला न सांगता केला होता.

त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही एकमेकींशी फक्त कामापुरते बोललो. "सलाइन बदलले का?" "बदलले." शुक्रवारी एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी डब्यांची ये-जा थांबली. सणाला चिकाचा हलवा दोन घरांत वेगवेगळा शिजला आणि दोन्ही घरांत उरला.

2002 च्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी थोरलीच्या मुलाचा फोन आला. "मावशी, लवकर ये, धाकटा जिंकला, आता दाखवणार आहेत." धाकटी गेली. स्केटिंगसाठी गेली असे म्हणणे खोटे ठरेल. निमित्त हवे होते. थोरली सोफ्यावर होती, तिने मान वळवली नाही. दूरदर्शनवर ताकेशी भिंतीवरून उडाला, फिरला, उतरला. थोरलीने मुलाला विचारले, "मोठा दोनदा जिंकला तेव्हा या धाकट्याने काय केले?" मुलगा म्हणाला, "सराव केला असेल, आणखी काय!" मग ती म्हणाली, "आणि आता मोठा काय करील?" मुलाने खांदे उडवले. हा प्रश्न त्याच्यासाठी नव्हता, हे खोलीतल्या दोघींना ठाऊक होते.

धाकटीने तेव्हा सांगितले, "अक्का, जागेसाठी अर्ज केला त्याचे मला काही वाटत नाही. तुला विचारले नाही, याची लाज वाटते. तू नाही म्हणशील याची भीती होती." थोरली बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगो, मी नाही म्हटले नसते. पण मला नाही म्हणायची संधी तरी द्यायची होतीस." नंतर तिने चहा टाकला. त्या दिवशी एवढेच झाले. गळ्यात पडून रडणे वगैरे काही झाले नाही.

पुढच्या वर्षी एइतो परत जिंकला तेव्हा थोरली उठून उभी राहिली. "बघ," ती म्हणाली, "धाकट्याने घेतले म्हणून याने बूट काढून ठेवले नाहीत." तोपर्यंत तिने स्वतःही इस्पितळ सोडण्याचे ठरवले होते. टिपत खलावमध्ये, म्हणजे बाळांच्या आरोग्य केंद्रात तिने जागा मिळवली आणि निवृत्त होईपर्यंत तिथे तान्ह्या मुलांची वजने केली, लशी टोचल्या, घाबरलेल्या नव्या आयांना धीर दिला. त्यातल्या काही जणी अजून रस्त्यात थांबवून तिचे हात धरतात. धाकटीला मुख्य परिचारिका म्हणून असे कोणी थांबवीत नाही. हे वाक्य थोरलीने गाळायला सांगितले होते, धाकटीने ठेवले आहे.

2004 नंतर एक्स गेम्समधून हा प्रकारच काढून टाकण्यात आला. ताकेशी तेव्हा अठरा वर्षांचा, एइतो एकवीस. ज्या रंगमंचावर नाव झाले तोच खालून काढून घेतल्यासारखे. देश बदलून आलेल्या आपल्या लोकांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. हातात कसब असते, पण ते दाखवायची जागा नाहीशी होते. ताकेशी मात्र थांबला नाही. पुढेही वर्षानुवर्षे तो स्पर्धांत उतरत राहिला. एइतो आता चाळिशी ओलांडून गेला आहे, आणि ताकेशी तीन वर्षांच्या अंतराने मागोमाग आहेच.

आता थोरलीच्या हाताविषयी. गेल्या हिवाळ्यात रात्री पाणी प्यायला उठली, स्वयंपाकघरातल्या चटईला पाय अडकला आणि तिने हात पुढे टाकला. आयुष्यभर दुसऱ्यांची मनगटे बांधली, तेच हाड तिचे मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या दिवसांत धाकटीने तिची वेणी घातली, तिला आंघोळ घातली, भाताचा घास कालवून दिला. प्लास्टर काढल्यावर व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायचा असतो. तो कंटाळवाणा असल्यामुळे नातू समोर त्या भावांची जुनी चित्रणे लावून देतो. एक उडी, एक दाब.

ती चित्रणे पाहताना परवा एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षे आम्ही त्यांचे उडणे पाहत होतो, पडणे पाहिलेच नव्हते. उडी चुकली की ते हात पुढे टाकत नाहीत. गुडघे मुडपतात, गुडघ्यांवरच्या कडक वाट्यांवर येतात आणि वळणावरून घसरत तळाशी जातात. पडण्याचे ते घसरणे करून टाकतात. आणि लगेच उठून, पुन्हा शिडी चढून, काठावर आपल्या पाळीसाठी उभे राहतात. थोरली म्हणाली, "आपल्याला हे कोणी शिकवलेच नाही." ते खरे आहे. तिने 2001 साली हात पुढे टाकला होता, आणि धाकटीनेही.

वाचकहो, परिचारिका निवृत्त झाली तरी उपदेशाची सवय जात नाही. पुढच्या दारफाळणीला नातवंडे रस्त्यावर उतरतील तेव्हा डोक्यावर शिरस्त्राण आणि मनगटावर संरक्षक आहेत की नाहीत ते आधी पाहा. आपल्या स्वतःच्या घरातली सैल चटई आजच उचला आणि रात्री स्वयंपाकघरात एक लहान दिवा जळत ठेवा. आणि भावंडाशी अबोला असेल, तर चांगल्या मुहूर्ताची वाट पाहू नका. आम्हांला दोन जपानी मुले निमित्त म्हणून मिळाली. तुम्हांला कोणतेही चालेल.

यंदाचा चिकाचा हलवा एकाच घरात शिजणार आहे. थोरली ढवळू शकत नाही, म्हणून ढवळणार धाकटी. साखर किती घालायची ते मात्र थोरलीच सांगणार.