लेखा-मेंढा : हिशेब गावाने घ्यायचा

चंद्रपूरहून मूल, सावली करीत एसटी व्याहाडला येते आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवर मेंढा हे शंभरेक घरांचे गोंड गाव आहे. ते लेखा ग्रामपंचायतीत होते, म्हणून लोक त्याला लेखा-मेंढा म्हणतात. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. गोंडीत तिचे रूप आहे, 'मावा नाटे मावा राज'.

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून दुसऱ्यांचे हिशेब लिहीत आलो, आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या कामांत धावपळ करीत आलो. त्यामुळे 'मूल्यमापन' हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे छापील फॉर्म येतो. योजना वरून येते आणि तिची पाहणीही वरूनच होते. साहेब जीपमधून उतरतात, लाभार्थ्याचा अंगठा घेतात आणि अहवाल घेऊन जातात. त्या अहवालात काय लिहिले, हे ज्याच्या घराबद्दल लिहिले त्याला कधी कळत नाही. आपल्या वस्त्यांना हे नवीन नाही.

मेंढ्याने ही रीत उलटी केली. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. त्यातून जागे झालेले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात 'अभ्यास गट' रुजवला. अभ्यास गटात बसायचे ते समजून घ्यायला. बाहेरचा जाणकारही तिथे येऊन बोलू शकतो, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमताने हात वर करून कोणाला गप्प बसवायचे नाही. एखाद्याचे मन वळले नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो. आमच्या मंडळांच्या सभा आठवल्या आणि जरा ओशाळल्यासारखे झाले, हेही सांगतो.

बाहेरून अभ्यासाला येणाऱ्याने ग्रामसभेची परवानगी घ्यावी, हाही नियम. प्रश्न गावाचा, म्हणून शोधही गावाने करायचा. पोळे जाळून मध काढण्याची जुनी पद्धत बदलायची, तर आधी माशांचा अभ्यास केला. जंगलात काय आहे, किती आहे, काय कमी झाले, हेही गावकऱ्यांनीच पाहिले.

या अभ्यासाचा उपयोग पुढे झाला. वनहक्क कायदा २००६ साली आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, आणि तो वनखात्याच्या हाती होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. मग गावाने स्वतः बांबू विकला आणि ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्डही काढले. हिशेबाच्या माणसाला या गोष्टीचे मोल चटकन कळेल. ज्याच्या नावाने खाते, त्यालाच जमाखर्च विचारता येतो.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातले पाचगावही याच वाटेचे. तिथे 'श्रमिक एल्गार'च्या साथीने लढून २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. या गावाने तेंदूपाने तोडणे बंद ठेवले, हे मला सर्वांत मोठे वाटते. तेंदूच्या हंगामात रोख पैसा हातात येतो. पण त्यासाठी फांद्या छाटतात, जंगलाला आगी लावतात, आणि झाडाला फळ धरत नाही. नफा-तोटा गावाने मांडला आणि बांबूवर भर दिला. बाहेरच्या तपासनिसाने तेंदूची आवक शून्य पाहून गावाला नापास केले असते.

आता आपल्या घरांशी जोडलेली गोष्ट. या दोन्ही जिल्ह्यांतल्या जंगलगावांत आपली बौद्ध कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वनहक्क कायद्यात ती 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्या आजोबांकडे सातबारा नव्हता त्यांचा कागद कुठून आणायचा? मात्र नियमांत गावातल्या वयोवृद्धांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला आहे. जबाब अर्जदाराचा नको, दुसऱ्याचा हवा. दावा सुरू होतो तो ग्रामसभेपासून, तहसीलपासून नव्हे. म्हणून घरातल्या बायकांनी, तरुणांनी सभेला जावे, इतिवृत्त वाचून घ्यावे, आणि गावातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्या आठवणी साक्षीदारांसमोर लिहून ठेवाव्यात. त्यासाठी एक वही पुरते.