मुंबई ते केपटाऊन
केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. 19व्या शतकाच्या अखेरीस आपली माणसे पोटासाठी बोटीने तिकडे गेली आणि तिथलीच झाली. आमच्या फुफीही त्यांच्यातल्याच एका घरात दिलेल्या.

सरळ मोजले तर मुंबई ते केपटाऊन सुमारे 8,200 किलोमीटर. पण 2018 मध्ये फुफींच्या इन्तकालाचा फोन आला, तेव्हा आम्हांला मिळाले ते दुबईमार्गे तिकीट. दुबईपर्यंत तीन तास, तिथे ताटकळणे, पुढे साडेनऊ तास. अंतरही साडेनऊ हजारांवर गेले. तिकडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणून तेवढा वेळ हाती आल्यासारखे वाटते. तो भासच. मय्यतीला लवकर माती द्यावी, हा आपला रिवाज. तिथल्यांनी तो पाळला, ते योग्यच झाले. आम्ही पोचलो तेव्हा कबरीची माती ओली होती.

आजोबांच्या पिढीला अशी खबर पत्राने, फार उशिरा कळे. ते दुआ मागून सबर करीत. आम्हांला खबर तासाभरात मिळते, म्हणून पोचण्याची आस लागते. आता घरात ठरले आहे : आधी दुआ, मग तिकीट.