सूर्यास्तानंतर गाडी नाही



गेल्या चातुर्मासात मी एक नियम घेतला. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. तेव्हापासून मंदिरात भेटणाऱ्या प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, "डोळ्यांना काही झालं का हो?" एकेकीला उत्तर देण्यापेक्षा आज सविस्तर लिहिते.

डोळ्यांना झालंय ते वय. साठी जवळ आली. चाळिशी लागते तेव्हा सुईत दोरा ओवत नाही, तांदूळ निवडताना ताट लांब धरावं लागतं, मग आपण चष्मा करतो आणि निश्चिंत होतो. त्यापुढचे बदल मात्र चष्म्याच्या नंबरात दिसत नाहीत. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही. आतलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याचा साधारण तिसरा हिस्साच साठीच्या डोळ्यात पोचतो. समोरच्या गाडीच्या झोताने दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रत्येक दिव्याभोवती प्रकाश पसरलेला दिसतो. डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्या बाईलाही रात्रीच्या रस्त्यावर पुरेसं दिसेलच असं नाही.

लायसन्सच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. चांगल्या दिवसाउजेडी, चष्मा लावून, 25 मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? मी 'हो' लिहिते आणि ते खरं आहे. पण तो प्रश्न दिवसाचा आहे. रात्रीचं आपलं आपणच स्वतःला विचारायचं.

आमच्या सांगली-कोल्हापूर भागात तर विचारावंच लागतं. गाळप हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 16 मीटरहून जास्त पुढे जाते. ट्रॉली 30 मीटरवर आल्यावर दिसली तर हातात दोन सेकंदही उरत नाहीत. ट्रॉलीचं निदान आकारमान तरी मोठं. काळं घोंगडं पांघरून सायकलवर निघालेला शेतमजूर, रस्ता ओलांडणारं कुत्र्याचं पिल्लू, यांचं काय?

आपण रात्री जेवत नाही. लहानपणी आजीला कारण विचारलं तर ती म्हणायची, अंधारात जीव दिसत नाहीत, पण दिसत नाहीत म्हणजे नसतात असं नाही. ताटातल्या किड्यासाठी आपण इतकं जपतो, मग हजार किलोचं लोखंड घेऊन अंधारात निघताना तो विचार कुठे जातो? मुनिमहाराजांची ईर्यासमिती आठवा. सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत पाऊल टाकायचं. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात. गाडीच्या वेगाला किती हात लागतील, याचा हिशोब आपला आपण करायचा. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, हे आपण तत्त्वार्थसूत्राच्या वर्गात दरवर्षी ऐकतो. दिसत नाही हे माहीत असून निघणं हा प्रमादच.

आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, ती दृष्टी मंदावल्यामुळे. डोळ्यांनी दिसत नसेल तर जीवदया पाळणार कशी, हा त्यांचा प्रश्न होता. मुनींचं व्रत फार मोठं, त्याच्याशी आपली बरोबरी नाही. गृहस्थाने त्यातून एवढंच घ्यावं की आपली नजर हा फक्त आपल्या सोयीचा प्रश्न नाही, तो दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

आपल्यासाठी देशव्रत आहेच. अमुक काळापर्यंत, अमुक हद्दीपलीकडे जायचं नाही. मी त्यात उजेडाची हद्द घातली. कुंभोजच्या बाहुबलीला जायचं तर सकाळी निघायचं आणि दिवस मावळायच्या आत घरात. पावसाची झड असेल तर दिवसाही नाही.

हे सोपं गेलं असं म्हणणार नाही. पंचवीस वर्षं मीच सगळ्यांना सोडत आले. सासूबाईंना प्रवचनाला, जाऊबाईंना स्टँडवर, मैत्रिणींना लग्नाला. आता संध्याकाळच्या प्रवचनानंतर "मला घरापर्यंत सोडशील का गं?" असं सुनेच्या वयाच्या मुलीला विचारताना जीभ अडखळते. तो मान कषाय आहे, हे कळतं. कळलं म्हणून लगेच सुटत नाही. मुलगा म्हणतो, "आई, रिक्षाला शंभर रुपये गेले तर गेले." त्याला पैशाची अडचण वाटते. अडचण पैशाची नसतेच.

दिवसा चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं कामाचं. डोळे तपासताना फक्त नंबर काढून परत येऊ नका, काचबिंदूची तपासणीही करून घ्या. तो दुखत नाही आणि बाजूची नजर हळूहळू खातो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील त्या दिवशी स्वतः गाडी आणू नका. पुढची काच आतूनही पुसा, दिवेलागणीला त्या धुरकट थराचा फार त्रास होतो. रात्रीसाठी पिवळ्या काचांचा चष्मा घेऊ नका, तो डोळ्यात जाणारा उजेड आणखी कमी करतो. कधी उशीर होऊन अंधारात सापडलात आणि समोरून झोत आला, तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा आणि वेग कमी करा. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसायचे दिवस गेले. डॉक्टर म्हणाले तर ऑपरेशन करून घ्या. पुष्कळ जणींचा झोताचा त्रास त्यानंतर कमी होतो. माझा झाला तर मी नियमाचा पुन्हा विचार करीन, पण तो डॉक्टरांना विचारून.

माझं म्हणणं एवढंच. मुलांनी किल्ली काढून घेतल्यावर जे सुटतं त्याला त्याग म्हणत नाहीत. हातात किल्ली आहे, गाडी चालवता येते आहे, तेव्हा घेतला तरच तो नियम. तुमच्या नजरेची हद्द कुठे आहे, ते एकदा संध्याकाळी शांतपणे बघा. आणि परवाच्या प्रवचनाला येताना गाडीत एक जागा माझ्यासाठी ठेवा.