नळीवरचे कुत्र्याचे चित्र

तंजावुरात ऑक्टोबरअखेर ईशान्य मोसमी पाऊस स्थिरावला, की जुन्या घरांच्या जमिनीला ओल येते आणि त्या ओलीबरोबर पिसवाही येतात. आमच्या घरी मनी नावाची मांजरी आहे. हे नाव मराठीत मांजराचे आणि तमिळमध्ये कोणाही लाडक्याचे, त्यामुळे शेजाऱ्यांना आणि आम्हाला ते सारखेच आपले वाटते. तिच्या अंगावरून बारीक दातांची फणी फिरवून निघालेले काळे कण मी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले. त्यांच्याभोवती तांबूस डाग उमटले. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेले रक्तच असल्याने ही परीक्षा सहसा चुकत नाही.

येथवर मी रसायनशास्त्राच्या शिक्षकासारखा वागलो. पुढे तसे वागलो नाही. शेजाऱ्यांच्या कुत्र्यासाठी आणलेल्या औषधाची एक नळी उरली होती. मनीचे वजन जेमतेम तीन किलो, म्हणून अर्धेच औषध तिच्या मानेवर सोडावे, असा हिशेब मी केला. तीस वर्षे विद्यार्थ्यांना बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय बूच काढू न देणाऱ्या माणसाने ती नळी उलटूनही पाहिली नाही.

पाच-सहा तासांनी तिचे कान फडफडू लागले, मग पंजे आणि पाठोपाठ सारे अंग. माझा भाचा ओरत्तनाडूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. (सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र आहे, तेच हे गाव.) त्याला फोन केला.

“मामा, नळीवर चित्र कोणाचे आहे?”

“कुत्र्याचे.”

“आणि औषधाचे नाव? वाचा बरे.”

मी ‘पर्मेथ्रिन’ असे वाचले आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो म्हणाला, “भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. गार नको, गरमही नको. लगेच टॉवेलात गुंडाळा आणि दवाखाना गाठा.”

गरम पाण्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि विष अधिक शोषले जाते. गार पाण्याने शरीराचे तापमान उतरते आणि या विषाचा चेतातंतूंवरचा परिणाम थंडीत उलट तीव्र होतो. हे मला नंतर कळले. दवाखान्यात दोन रात्री तिला स्नायू शिथिल करणारे औषध आणि सलाईन चालू होते. या विषावर नेमका उतारा नाही. ते शरीराबाहेर जाईपर्यंत झटके आवरून धरायचे, एवढेच हाती असते.

पर्मेथ्रिन चेतापेशींच्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवते. कीटक त्यानेच मरतो. कुत्र्याचे शरीर त्याचे विघटन झपाट्याने करते, मांजराचे करू शकत नाही. अशा रेणूंना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. या कुळातील ‘यूजीटी१ए६’ हे एक जनुक मांजरात निकामी झाले आहे, हे मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट यांनी 2000 साली दाखवले. ते पॅरासिटामॉलच्या संदर्भात होते. आपली एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने. केवळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषे पचवण्याची फारशी गरज उरली नसावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तेव्हा मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे आणि मात्रा अर्धी केल्याने प्रश्न सुटत नाही.

भारतीय वाचकाला ही गोष्ट अनोळखी नाही. गुरांना मानवणारे डायक्लोफेनॅक गिधाडांच्या मूत्रपिंडांना मारक ठरले. ते 2004 साली सिद्ध झाले आणि 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर आपल्याकडे बंदी आली.

मनी घरी आल्यावर हितचिंतकांनी कडुनिंबाचे तेल आणि कापूर सुचवला. नैसर्गिक ते निरुपद्रवी, ही समजूत मोठी चिवट आहे. पर्मेथ्रिनचा पूर्वज पायरेथ्रिन हाही शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातूनच मिळतो! कापूर मांजराला विषारी आहे आणि अंगाला लावलेले सारे काही मांजर चाटून पोटात घेते.

महिनाभराने डॉक्टरांनी मांजरासाठीच बनवलेले, तिच्या वजनाचे सेलामेक्टिन दिले. ते मानेच्या मुळाशी, जीभ पोहोचणार नाही तेथे सोडायचे. आयसोक्सॅझोलिन गटातील नवी औषधे गोचिडांवरही चालतात, पण त्यांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली दिला होता. मनीला झटके येऊन गेले असल्याने डॉक्टरांनी ती टाळली. शेजारच्या कुत्र्याला औषध लावले की ते पुरते वाळेपर्यंत आम्ही दार लावून घेतो, कारण मनी त्याच्या अंगाला अंग घासते.

शिवाय अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या सुमारे 5 टक्केच असतात. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात व फटींत राहतात. कोशातील पिसू कित्येक महिने थांबू शकते. म्हणून दर आठवड्याला मनीची गोधडी गरम पाण्यात धुतली जाते आणि ती वाळेपर्यंत मनी माझ्या खुर्चीवर बसते. मी उभ्याने वर्तमानपत्र वाचतो.