औषधांची वजाबाकी

डॉक्टरांकडून परतलेल्या माणसाला आपण ‘काय म्हणाले?’ असे सहसा विचारीत नाही; ‘काय दिले?’ असे विचारतो. देणे हा वैद्याचा धर्म आणि घेणे हा रोग्याचा, अशी आपली वाटणी ठरून गेलेली आहे. पाच ओळींची चिठ्ठी हाती पडली की फी सत्कारणी लागल्याचे समाधान वाटते. आणि एखाद्या सज्जनाने ‘विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, ताप दोन दिवसांत आपणच उतरेल,’ असे सांगून रिकाम्या हाताने परत पाठविले, तर त्याच्या पदवीविषयीच शंका येऊ लागते.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. कारकुनाला औषधांतले काय कळते, असे कोणी म्हणेल. काही कळत नाही, हे खरेच. पण कागदावर कागद कसा रचावा, एवढे मात्र कळते. आमच्याकडे नवा कागद कधी एकटा वर जात नाही. त्याच्यासोबत मागचे कागद जातात. पूर्वी कोणी, केव्हा आणि कशासाठी काय ठरविले, हे पाहिल्यावाचून साहेबाची सही होत नाही. या शिस्तीची आम्हीच पुष्कळ थट्टा करतो. तिचे मोल मला कचेरीबाहेर कळले.

माझे वडील, अण्णा, साताऱ्याचे घर बंद करून दिल्लीला आमच्याकडे राहावयास आले, ते एक कापडी पिशवी सांभाळीत. पिशवीत नऊ तऱ्हेच्या गोळ्या होत्या. पावले सुजलेली, तोंडाची चव गेलेली, आणि चालताना मध्येच भिंतीचा आधार घ्यायचा, अशी त्यांची अवस्था होती. ‘वय झाले,’ असे तेही म्हणत आणि आम्हीही म्हणत होतो. आरोग्य-योजनेच्या कार्डावर त्यांचे नाव चढताच मी त्यांना आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहण्याआधी म्हटले, “बाबूजी, पूरी थैली मेज़ पर रख दीजिए.”

बाईंनी गोळ्या रोगांप्रमाणे लावल्या नाहीत. कोणती आधी सुरू झाली आणि कोणती मागून, त्या क्रमाने लावल्या. मग एक गोष्ट उलगडू लागली. गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिले होते. कंबरेसाठी दुसऱ्यांनी दुसऱ्या नावाची गोळी दिली होती. तिच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांतही डायक्लोफेनॅकच होते. त्या दुप्पट मात्रेने पोट जळू लागले, म्हणून आम्लपित्ताची गोळी आली. वेदनाशामकांनी अंगात पाणी साचते आणि रक्तदाब चढतो. तो चढला, म्हणून रक्तदाबाची दुसरी गोळी आली. पाय सुजले, म्हणून लघवी वाढविणारी तिसरी आली. औषधाच्या पोटी औषध जन्मास येत गेले, आणि या साऱ्याचा भार मूत्रपिंडांवर पडला. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. यांतल्या प्रत्येक डॉक्टरांनी समोर दिसलेल्या दुखण्यावर उपाय केला होता. मागचे कागद मात्र कोणापुढेच नव्हते.

बाईंनी नऊपैकी पाच गोळ्या बंद केल्या. अण्णा परत येताना सारा रस्ता धुमसत होते. “सरकारी दवाखाना! औषधे वाचविण्याचा पगार घेतात ही माणसे!” आठवडाभर त्यांनी ती पिशवी उशाशी ठेवली. महिन्याभरात सूज ओसरली, जेवण जाऊ लागले. क्रिएटिनिन उतरले, पण पूर्वपदावर आले नाही. जे गेले ते गेले.

तेव्हापासून मला वाटू लागले, की बेरीज करणे सोपे आहे. वजाबाकीला धैर्य लागते, आणि सबंध हिशेब पाहण्याची सवय लागते. एका माणसाच्या बाबतीत जे खरे, तेच देशाच्या बाबतीतही. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीने आपल्या सरकारला आवश्यक औषधांवर भर देण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ सालची. तीत दोनशेच्या आसपास औषधे होती. १९८२ साली गरीब बांगलादेशाने औषधधोरण आखून निरुपयोगी आणि घातक औषधे बाजारातून काढण्याचे साहस केले. १९८५ साली नैरोबीच्या परिषदेत जगातल्या तज्ज्ञांनी औषधाच्या विवेकी वापराचा अर्थ सांगितला : गरजेनुसार औषध, योग्य मात्रेत, पुरेसे दिवस, आणि रोग्याला व समाजाला कमीत कमी खर्चात. आपली राष्ट्रीय यादी १९९६ साली झाली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत.

खुद्द दिल्लीत १९९४ साली डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या प्रेरणेने राज्याचे औषधधोरण ठरले. निवडक औषधांची यादी करावयाची आणि सर्व रुग्णालयांसाठी त्यांची एकत्र खरेदी करावयाची, एवढीच ती युक्ती. यादी आखूड झाली की खरेदी मोठी होते, भाव उतरतो, कपाटात औषध शिल्लक राहते. आणि डॉक्टरालाही मोजकी औषधे नीट ओळखता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली तर चिठ्ठ्या तपासण्याचे साधे कोष्टकच दिले : सरासरी किती औषधे लिहिली, मूळ नावाने किती, प्रतिजैविके किती जणांना, सुई किती जणांना, आणि यादीतली किती. कोणाही कारकुनाला भरता येईल असे हे कोष्टक आहे, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

वजाबाकी म्हणजे उपासमार नव्हे. क्षयाच्या नेहमीच्या उपचाराला सहा महिने लागतात. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणे हाही अविवेकच. उलट, साध्या सर्दीला प्रतिजैविक घेणे म्हणजे उद्याच्या न्यूमोनियासाठी राखलेले शस्त्र आज बोथट करणे. आणि दोन-तीन औषधे विनाकारण एका गोळीत कोंबणे ही तर बेरजेची हौसच. २०१८ साली सरकारने अशा ३२८ मिश्रणांवर बंदी घातली. कायदा एवढे करू शकतो. पण ‘काय दिले?’ असे विचारणारे घर कायद्याने बदलत नाही.

अण्णा आता चार गोळ्यांवर आहेत. त्यांची नावे, मूळ नावासह, त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एका कागदावर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवली आहेत. परवा शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी त्यांना कंबरेसाठी एक ‘अप्रतिम’ गोळी सुचविली. अण्णांनी चष्मा लावला, खिशातला कागद काढला आणि विचारले, “ती राहू द्या. तुमच्या औषधांचे मागचे कागद कुठे आहेत?”