पानगळीतलं नग्गर आणि चार पायांचं मॉडेल

आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. पण त्याच सुमाराला हिमाचलच्या कुल्लू खोऱ्यात सफरचंदाची तोडणी आटोपलेली असते आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत बागा, पॉपलर, अक्रोड सगळे पिवळेधमक होतात. देवदार मात्र हिरवेच राहतात. हातात नवा कॅमेरा किंवा बरा मोबाइल असेल आणि कुत्र्यांची आवड असेल, तर या दिवसांत मनालीच्या गर्दीत अडकण्यापेक्षा नग्गरला दोन दिवस मुक्काम करा.

नग्गर ही कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. दगड आणि लाकडाचे थर एकावर एक रचून बांधलेला इथला किल्लेवजा राजवाडा प्रसिद्ध आहे. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांनी आयुष्याची शेवटची वर्षं याच गावात काढली. राजवाड्यापासून त्यांच्या घराकडे जाणाऱ्या चढावर तुमचं मॉडेल भेटतंच. दाट केसांचं, बहुतेकदा काळं, शेपटी पाठीवर वळवून उन्हात पसरलेलं.

प्रकाशाची वेळ साधा

नग्गर बियास नदीच्या पूर्वेकडच्या उतारावर आहे. त्यामुळे सकाळी ऊन डोंगराआडून उशिरा येतं, पण दुपारनंतर समोरून छान तिरपं पडतं. समोरच्या डोंगरामागे सूर्य लवकर जातो, म्हणून तीन वाजताच तयार राहा. सूर्य कुत्र्याच्या मागे ठेवलात, तर त्याच्या केसांभोवती सोनेरी कडा उमटते.

सोप्या युक्त्या

• उभ्याने फोटो काढू नका. खाली बसा, कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. पिवळी पानं पुढेमागे धूसर दिसतील.
• फोकस नेहमी डोळ्यांवर ठेवा.
• काळा कुत्रा असेल तर कॅमेरा फसतो आणि फोटो जास्त उजळ करतो. काळा रंग राखाडी दिसतो. एक्स्पोजर थोडं कमी करा. मोबाइलवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली सरकवलं की झालं. पांढऱ्या कुत्र्यासाठी याच्या उलट.
• धावणाऱ्या कुत्र्यासाठी शटर स्पीड 1/1000 ठेवा, बसलेल्यासाठी 1/250 पुरतो.
• आभाळ भरलं म्हणून कॅमेरा बॅगेत टाकू नका. ढगाळ उजेडात पानांचे रंग जास्त खुलतात.

फोटोपेक्षा कुत्रा मोठा

इथले कुत्रे माणसाळलेले असतात, आणि खरी काळजी तिथेच घ्यावी लागते. फोटोसाठी बिस्किटं दाखवत त्यांना लांब नेऊ नका. प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. तुमच्यामागे आलेला कुत्रा परक्या हद्दीत गेला, तर तिथले कुत्रे त्याला फाडायला धावतात. तुम्ही टॅक्सीत बसून निघून जाता, त्याला मात्र एकट्यालाच परतावं लागतं. म्हणून तो जिथे आहे तिथेच फोटो काढा आणि गावाबाहेर मागे येऊ लागला तर थांबून त्याला परतवा. चॉकलेट कधीच देऊ नका, ते कुत्र्यांना विषासारखं असतं.

याच दिवसांत गद्दी मेंढपाळ कळप घेऊन उंच कुरणांवरून खाली उतरतात. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्यापासून बचावासाठी खिळ्यांचा लोखंडी पट्टा दिसू शकतो. हे कुत्रे कामावर असतात. मेंढपाळाला विचारा, लांबूनच झूम करा, कळपात शिरू नका. कोणताही कुत्रा चावला किंवा दात लागले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठून रेबीजची लस घ्या.

कुत्रा जांभई देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान वळवू लागला की समजा, त्याला पुरे झालंय. कॅमेरा खाली ठेवा. थोड्याच आठवड्यांत इथे थंडीचा कडाका वाढेल, पर्यटक पांगतील. तेव्हाही त्याला त्याच गल्लीत, ओळखीच्या उंबऱ्यापाशी ऊब मिळायला हवी. तुमच्या फोटोमुळे त्याचं तेवढं ठिकाण सुटणार नाही, याची खात्री करूनच नग्गर सोडा.